गडद नादाचं घराणं

व्हिएन्नात संगीताबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. आमच्या गल्लीतला खाटीकसुद्धा आधी ऑपेरातल्या नायिकेचा गळा कापतो आणि मग वासराचा तुकडा. अशा गावात परीक्षक म्हणून नेमलं जाणं ही निव्वळ चैन आहे. इतके दिवस जे उभ्या उभ्या करत होतो तेच आता खुर्चीत बसून, कॉफी पीत आणि केक खात करायला मिळतं.

आमच्या मंडळाचं नाव इतकं लांब आहे की सगळे नुसतं 'मंडळ' म्हणतात. दरवर्षी मंडळ एका रेकॉर्डिंगला पसंती देतं. पसंती म्हणजे कव्हरवर लावायला एक गोल सोनेरी लेबल, बाकी काही नाही. पण ते लागलं की दुकानदार ती सीडी काउंटरजवळ आणून ठेवतो आणि गायिकेला पुढच्या हंगामाची बोलावणी येतात. नाही लागलं, तर त्या सीडींचा गठ्ठा गायिकेच्या आईच्या माळ्यावर सापडतो.

परीक्षक चार. अध्यक्ष होफराट ओटोकार वेसेली. होफराट ही दरबारी पदवी. सम्राट गेला, दरबार गेला, पदवी मात्र सरकार अजून वाटतं, आणि ती मिळालेल्या माणसाला पुन्हा कोणी नावाने हाक मारत नाही. दुसऱ्या प्रोफेसर एडेलट्राउट कुबिचेक. यांनी आयुष्यभर मुलींना गाणं शिकवलं, आणि त्याहून जास्त मुलींना गाणं सोडायला लावून गावावर उपकार केले. तिसरा मागिस्टर, म्हणजे एम.ए. झालेला, सेव्हेरिन ह्योडल, वर्तमानपत्रातला समीक्षक. चौथा मी, संगीतशास्त्राचा डॉक्टर. मैफलींच्या कार्यक्रमपत्रिकांत जो मजकूर लोक पंख्यासारखा वापरतात, तो मी लिहितो.

बैठक दर गुरुवारी दुपारी होफराटांच्या घरी. त्यांचे स्पीकर कपाटाएवढे. आमच्या घरचे स्पीकर म्हणजे त्यांच्यापुढे चपलांची खोकी, हे आम्हा तिघांनाही मनापासून मान्य होतं. पुढचा सगळा घोटाळा या नम्रतेतूनच झाला. होफराट स्वतः स्पीकरांकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून बसत. जाणत्याचा खरा कान पाठीत असतो, असं सेव्हेरिनने यावर लिहून ठेवलं होतं.

होफराटांचा सिद्धान्त गावभर प्रसिद्ध होता: गाणं चालतं स्वरांवर, पोचतं व्यंजनांवर. हल्लीच्या गायिका व्यंजनं गिळतात, ही त्यांची तक्रार मधे काही वर्षं फारच वाढली. मग एकाएकी थांबली. आम्हाला वाटलं, वयाबरोबर माणूस निवळतो.

त्याच सुमारास मंडळाच्या निवडीला एक वळण लागलं. ज्या रेकॉर्डिंगमधे व्हायोलिनं मखमलीत गुंडाळलेली, शिंगं-तुताऱ्या धुक्यातून आलेल्या आणि गायिका पलीकडच्या खोलीत उभी, ती आम्हाला आवडू लागली. लखलखीत, स्वच्छ रेकॉर्डिंग लावलं की त्या दिवाणखान्यात फोडणीची मोहरी तडतडायची. जगाने आमच्या या आवडीला 'व्हिएन्नाचा गडद नाद' असं नाव दिलं. सेव्हेरिनने त्यावर ग्रंथ लिहिला. हा गडदपणा डॅन्यूबवरचं धुकं, कॅथलिक पापभावना आणि पहिल्या महायुद्धातला पराभव या तिन्हींतून कसा झिरपत आला, ते त्यात सिद्ध केलं आहे. ग्रंथाच्या आवृत्त्या निघाल्या. मग कंपन्या आमच्याकडे पाठवायचं रेकॉर्डिंग मुद्दाम गडद करून पाठवू लागल्या. घराणी अशीच सुरू होत असणार. एकाला सर्दी होते, आणि शिष्य पिढ्यान्‌पिढ्या नाकात गातात.

आम्ही निवडलेली रेकॉर्डिंग मी घरी लावली की वाटे, कोणीतरी गोधडीखाली गातंय. मी स्पीकरांना दोष दिला आणि नवे घेतले. गोधडी तशीच. मग मी खोलीला दोष दिला. होफराटांच्या दिवाणखान्यावर संशय घेण्याआधी व्हिएन्नातला सुशिक्षित माणूस बिऱ्हाड बदलेल.

या वर्षी स्पर्धेला होती एमेरिख लान्झरची 'मिठाच्या वाटेची गाणी'. लान्झर हा संगीतकार आता आम्ही आणि त्याचे वारस सोडून कोणाच्या लक्षात नाही. एक बाई आणि पूर्ण वाद्यवृंद, अशी ही सहा गाण्यांची माळ. डोंगरातल्या खाणीतून मीठ वाहून नेणाऱ्याची बायको वाट बघते, एवढीच गोष्ट. शेवटच्या गाण्यात एकेक वाद्य गप्प होत जातं. व्हायोलिनचा एक धागा उरतो, तोही तुटतो, आणि बाईच्या तोंडी शेवटचा शब्द येतो, 'लाइस'. लाइस म्हणजे हळू. स्वर विझतो आणि शब्दाच्या टोकाचा तो 'स' तेवढा हवेत राहतो. एवढा मोठा वाद्यवृंद इतका वेळ घाम गाळतो तो त्या एका 'स'साठी.

चाळून चाळून दोन रेकॉर्डिंग उरली. एक वालेस्का थोर्नचं: मोठं नाव, मोठी कंपनी, सर्व काही गडद. दुसरं मिरियाम ओबरहूबरचं: श्टायरमार्क प्रांतातल्या एका खाणगावातली गायिका, तिथलाच वाद्यवृंद, आणि रेकॉर्डिंग गावच्या शाळेच्या सभागृहात.

थोर्नबाई लावल्या. आम्ही सैलावलो. मग ओबरहूबर लावली. तिची व्हायोलिनं कानात टाचण्या टोचत गेली, आणि शेवटचा 'स' तर सायकलची हवा सुटावी तसा सुटला. कुबिचेकबाईंनी दातावर दात दाबले.

"शेवटचा 'स' टोचतो," होफराट शांतपणे म्हणाले.

या वयात काय कान आहे, असं आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघून कबूल केलं.

जिना उतरताना मात्र कुबिचेकबाई थबकल्या. "अहो डॉक्टर, मी या पोरीला त्या शाळेत समोर बसून ऐकलंय. तिचा 'स' असा नाही हो. दिवा मालवल्यावर वातीतून धूर निघतो ना, तसा आहे. दिसतो न दिसतो."

"मायक्रोफोन खोटं बोलत नाही, प्रोफेसरबाई," सेव्हेरिन म्हणाला.

"माझा नवराही खोटं बोलत नव्हता रे. फक्त विचारल्याशिवाय सांगायचा नाही. पुढच्या गुरुवारी त्या यंत्राला विचारू या."

पुढच्या गुरुवारी होफराट कॉफी करायला आत गेले. कॉफी ते स्वतः करत आणि सावकाश करत. सगळी यंत्रं एका रबराच्या झाडामागे होती. अंगाने सर्वांत बारीक म्हणून सेव्हेरिनला पानांत घुसवण्यात आलं.

"काय दिसतं?"

"धूळ."

"धुळीखाली?"

"ट्रेबलचं बटण. शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलेलं." तो थांबला. "कोणाचा तरी धक्का लागला असेल."

"धक्क्याने बटण एवढं फिरत नाही. मधोमध आण."

त्याने आणलं. बाईंनी आवाज बारीक करून ओबरहूबरचं शेवटचं गाणं लावलं. व्हायोलिनचा धागा तुटला, शब्द आला, आणि वातीतून धूर निघाला. बाई बरोबर होत्या. मग आम्ही थोर्नबाई लावल्या. गोधडी. माझ्या घरची, ओळखीची गोधडी.

ट्रेबल म्हणजे चढे सूर; 'स'सारखी व्यंजनं तिथेच राहतात. यंत्रातला तो चढा सूर आता अर्धा झाला होता. इतकी वर्षं तो दुप्पट चढवलेला होता, म्हणून स्वच्छ ते सगळं टोचत होतं आणि मंद ते मधुर वाटत होतं. डॅन्यूबचा काही संबंध नव्हता.

"परत फिरवा," सेव्हेरिन झाडातून म्हणाला.

"का रे?"

"का काय? माझा ग्रंथ!"

"त्यातलं धुकं तरी खरं आहे," बाई म्हणाल्या. "डिसेंबरात असतं."

"आणि महायुद्धही झालं होतं," मी धीर दिला.

आतून कपबशा वाजल्या. बटण घाईने उजवीकडे गेलं, सेव्हेरिन खुर्चीत आला, आणि होफराट केक घेऊन आले तेव्हा आम्ही तिघं हवामानावर बोलत होतो.

बाहेर पडल्यावर ट्रामच्या थांब्यावर मसलत झाली. प्रश्न बटणाचा नव्हताच. ते फिरवावं लागलं, म्हणजे होफराटांच्या कानांतून चढे स्वर गेले होते, आणि अध्यक्षाला ऐकू येत नाही हे मंडळाला कळलं तर त्यांची खुर्ची जाणार. त्यांना मूलबाळ नाही, पत्नी जाऊन बराच काळ लोटलेला. गुरुवार सोडला तर त्यांच्या आठवड्यात वारच नव्हते. आणि गप्प बसावं, तर ओबरहूबरच्या सीडी तिच्या आईच्या माळ्यावर.

"सांगायला हवं," बाई म्हणाल्या. "पण मी सांगितलं की लोक रडतात."

"मी सांगणार नाही," सेव्हेरिन म्हणाला. "माझे हितसंबंध गुंतलेत."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तुम्ही वाईट गोष्ट अशी लिहिता की लोक उलट आभार मानतात," बाई म्हणाल्या. आयुष्यात केलेल्या कामाची अशी पावती मिळाल्यावर नाही म्हणता येत नाही.

मी निवाड्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी गेलो. होफराटांनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बुधवारी आलात. म्हणजे एक तर कोणीतरी गेलं, नाहीतर माझं बटण सापडलं."

मी टोपी हातात धरून उभा राहिलो.

"बसा. त्या झाडाला मी रोज पाणी घालतो हो. गुरुवारी पानं मोडलेली होती. ह्योडल घुसला होता ना? तुम्ही मावला नसता."

"कधीपासून, होफराट?"

"कान? ते कोण सांगणार. आधी वाटलं, गायिका व्यंजनं गिळतात. लेख लिहिले, भाषणं केली. मग एक दिवस खिडकीत चिमणी बसली होती. चोच उघडत होती, मिटत होती, आणि आवाज नाही. आता चिमणी काही आधुनिक शिक्षणामुळे व्यंजनं गिळत नसणार. तेव्हा बटण फिरवायला लागलो. दर हिवाळ्यात थोडं थोडं. आता त्यानेही काही ऐकू येत नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही निर्णय..."

"तुमच्या चेहऱ्यांवरून!" ते जवळजवळ खुशीत म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे तोंड करून बसतो. माणूस मत देताना खोटं बोलेल, ऐकताना नाही बोलत. ह्योडलला काही आवडलं की त्याचं तोंड उघडं पडतं, आणि घरी जाऊन तो त्यावर वाईट लिहितो. कुबिचेकबाईंना आवडलं की त्या चिडतात, टोचलं की दात दाबतात. ओबरहूबरच्या वेळी त्यांनी दात दाबले, मी म्हणालो टोचतो. चुकलो?"

"नाही. आणि मी?"

"तुम्ही आधी कुबिचेकबाईंकडे बघता."

मी वाक्य घोळवून आणलं होतं, त्यात दोन स्तुतीच्या पायऱ्या होत्या, पण त्या आता कशाला चढायच्या ते कळेना. "होफराट," मी म्हणालो, "चेहरे खरे होते. पण ते त्या बटणावर ऐकत होते."

त्यांची खुशी तिथेच थांबली. हा भाग त्यांच्या ध्यानात आला नव्हता. बटण आपल्यासाठी आहे, इतरांना त्याचं काय, असं त्यांनी धरलं होतं. चष्मा घातलेल्या माणसाला वाटत नाही की त्यामुळे शेजाऱ्याला वेगळं दिसेल.

"म्हणजे टोचत होतं ते..."

"आमच्या कानात तुम्ही टोचत होता."

"आणि तो गडद नाद?"

"त्या बटणावर तेवढंच सुसह्य होतं."

त्यांनी रबराच्या झाडाकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला तो आवडतो," ते म्हणाले. "तुमच्याखातर मी तो निवडत होतो. मला स्वतःला गडद आवाज कधीच आवडला नाही. पीठ चाळायचं राहिल्यासारखा वाटतो."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडतो."

"मग आवडत कोणाला होता?"

आम्ही दोघांनी विचार केला. सेव्हेरिनलाही आवडत नसावा, त्याने फक्त तो सिद्ध केला होता.

"कानाचं यंत्र बघितलंत?" मी विचारलं.

"बोलण्यापुरतं ठीक आहे. संगीताचं भरीत करतं." ते उठले, झाड बाजूला ओढलं आणि म्हणाले, "बटण मधोमध करा. त्या पोरीचं शेवटचं गाणं लावा. तुम्ही तिथे बसा, मी इथे."

मी लावलं. ते माझ्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. असं कोणी बघत असताना ऐकणं महाकठीण. कुबिचेकबाई नव्हत्या, त्यामुळे बघायचं कोणाकडे हाही प्रश्न होता. सुरुवातीला मी रसिकाचा चेहरा करून पाहिला.

"नाटक नको," होफराट म्हणाले.

मग मी नुसता ऐकू लागलो. ओबो गप्प झाला, शिंगं गेली, खालची तंतुवाद्यं गेली. व्हायोलिन उरलं.

"संपलं?" होफराटांनी विचारलं.

मी बोट वर केलं. अजून नाही. धागा तुटला, शब्द आला. बोट वरच होतं. मग धूर निघाला, पातळ झाला आणि कधीतरी नुसती खोली उरली. मी बोट खाली आणलं.

"हं," होफराट म्हणाले. "इतक्या लांबवर मी काही आलो नव्हतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर झाड हलवलं, बटण दाखवलं आणि आपल्याला काय ऐकू येत नाही ते हिशेब दिल्यासारखं सांगितलं. दोन्ही रेकॉर्डिंग लावली. थोर्नबाईंच्या वेळी सेव्हेरिनने मुग्ध होण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. ओबरहूबरच्या शेवटच्या शब्दाला त्याचं तोंड उघडं पडलं.

"मत आलं," होफराट म्हणाले.

"मी काहीच म्हणालो नाही!"

"तोंड मिटा, मागिस्टर. नोंद झाली."

कुबिचेकबाई तर इतक्या चिडल्या होत्या की खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. निवाडा झाला. निवाड्याचं कारण अध्यक्षांनी लिहायचं असतं. होफराटांनी मला लिहून घ्यायला सांगितलं: "या रेकॉर्डिंगचा शेवट अध्यक्षांना ऐकू आला नाही. तो आहे, आणि उत्तम आहे, हे त्यांनी तीन साक्षीदारांच्या शब्दावर मान्य केलं आहे. मागच्या काही वर्षांच्या निवडी अध्यक्षांच्या ऐकू न येण्यामुळे चुकल्या आहेत."

"हे वाचून दाखवलंत तर तुम्हाला काढतील," सेव्हेरिन म्हणाला.

"काढायलाच हवं."

"पण गुरुवार..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"तेही आलंच त्यात," होफराट म्हणाले आणि केक कापायला घेतला.

समारंभाला नेहमीची माणसं नेहमीच्या कोटांत आली होती. होफराटांनी कारण स्वच्छ आवाजात वाचलं. मग टाळ्या. त्याही उभं राहून. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मंडळाचे सचिव दोन्ही हात पसरून आले.

"होफराट, काय वाक्य! शेवट ऐकू आला नाही! अश्राव्याचं सौंदर्य याहून नेमकं कोणी मांडलं नव्हतं. आणि स्वतःच्या निवडी चुकल्या म्हणायचा हा विनय! पुढची मुदतही तुम्हीच."

"मला ऐकू येत नाही," होफराट म्हणाले.

"व्वा!" सचिव म्हणाले.

कोपऱ्यात सेव्हेरिन एका प्रकाशकाशी बोलत होता. 'अश्राव्य' हा शब्द मी लांबून त्याच्या ओठांवर वाचला. होफराटांची विद्या मलाही थोडी लागली होती.

होफराट वाइनचा पेला धरून उभे होते. चोरी कबूल करायला गेलेल्या माणसाच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या द्याव्यात, तसा त्यांचा चेहरा झाला होता. तेवढ्यात ओबरहूबर आली. रुंद खांद्यांची, डोंगरातली बाई. हातात लेबल लावलेली सीडी.

"होफराट, राग येणार नसेल तर विचारते. ते खरंच ऐकू येत नाही, की इथे तसं म्हणायची पद्धत आहे?"

"खरंच येत नाही, बाई."

"मलाही नाही येत."

होफराट तिच्या ओठांकडे बघत होते. आपण नीट वाचलं ना, अशा शंकेने ते माझ्याकडे वळले. मी मान हलवली.

"गाताना डोक्यात सगळा वाद्यवृंद घुमत असतो," ती म्हणाली. "दातांमधून वारा गेला, एवढंच कळतं. आणि स्वतःचं रेकॉर्डिंग मी ऐकत नाही, मेलं ऐकवत नाही. चांगला आहे का हो तो 'स'?"

"चांगला आहे," होफराट म्हणाले. "मी या माणसाचं बोट पाहिलंय."

तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिने माझं बोट बघून घेतलं. होफराटांनी पेला ठेवला, सरळ सचिवांकडे गेले, त्यांच्या कोटाचं बटण धरलं आणि पोस्टमनला पत्ता सांगावा तशा सुरात म्हणाले, "कानाचा डॉक्टर म्हणतो, वरचे सगळे स्वर गेलेत. पुढच्या वर्षी दुसरा अध्यक्ष बघा. यात सौंदर्य काही नाही." सचिव काही वेळ हसतच राहिले. मग हळूहळू थांबले.

मंडळाची बैठक आता कुबिचेकबाईंकडे सोमवारी असते. अध्यक्षही त्याच. लोक आमच्या नव्या 'रोखठोक नादा'बद्दल बोलू लागलेत.

गुरुवारी आम्ही होफराटांकडे जातो. कोणी ठरवलं नाही. पहिल्या गुरुवारी तिघंही एकाच ट्रामने उतरलो, आणि तिघांनीही इकडे दुसरं काम असल्याचं सांगितलं. रेकॉर्डिंग लागत नाही. आठवड्यात काय ऐकलं ते सांगायचं असतं, आणि होफराट उलटतपासणी घेतात. 'मखमली', 'उदात्त' असले शब्द चालत नाहीत. सेव्हेरिनची यात फार पंचाईत होते.

परवा मी एका मैफलीतल्या शिंगाच्या एकट्या सुराबद्दल सांगत होतो. कसा आला, कसा वर गेला, कुठे जरासा फाटला.

"आणि त्याच्या खाली चेलो काय करत होते?" होफराटांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. काही आठवेना.

"लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

"परवा तोच कार्यक्रम पुन्हा आहे," ते कॉफी ओतत म्हणाले. "जाऊन ऐकून या."